थंड पाणी, खारं पाणी

थंड पाणी खाली जातं. एवढंच मला सांगायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्या जून महिन्यात मी घरादाराचं डोकं खाल्लं. उठता-बसता तेच. दादा म्हणायचा, "आता चहापन थंड करून देऊ का तुले? पाहून घेजो खाली जाते का." मी चिडायची. मी लवकर चिडते हे आमच्या अख्ख्या वॉर्डाला माहीत आहे. लहानपणी मला काहीतरी बोलून पळून जाणं हा पोरांचा खेळच होता, आणि पळणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी गाठलेलंही आहे.

झालं असं होतं की आमच्या बालाघाटच्या कॉलेजात हिंदीतून बी.एस्सी. करून मी दक्षिणेत, समुद्रकाठच्या एका विद्यापीठात समुद्राचं शास्त्र शिकायला गेले. दोन वर्षांनी परत आले आणि त्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या एका संस्थेत पुढच्या संशोधनासाठी माझी निवड झाली. ऑगस्टमध्ये निघायचं. आणि पहिल्याच हिवाळ्यात काही आठवडे जहाजावर, नॉर्वेच्याही वर, जिथे समुद्राचं पाणी गोठतं त्या बाजूला. मी अंगणात अक्षरशः उड्या मारल्या. शेजारच्या बाईंना वाटलं साप निघाला.

बाबांना सांगितलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "तुझी आई काय म्हनते?" बाबा कोर्टात बाबू होते, आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल टाइप करत आले. आमच्या घरात बोलायचं काम बाबांचं आणि ठरवायचं आईचं.

आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"जहाजावर म्हंजे पान्यावर?"

"हौ."

"नाही."

बस. पुन्हा खडे वेचायला लागली. मी बोलत राहिले, निवड किती कठीण होती, शिष्यवृत्ती मिळणार आहे, जहाज केवढं मोठं असतं, त्यावर डॉक्टर असतो. ती खडे वेचत राहिली.

तिचं कारण मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत आहे. माझा मामा वैनगंगेत गेला. आईचा पाठचा भाऊ. डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, पलीकडे जात होता, पुराचे दिवसही नव्हते, आणि तो चांगला पोहणारा होता. तीच गोष्ट आई पुन्हा पुन्हा सांगते, की पोहणारा होता. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. तेव्हापासून आई नदीवर गेली नाही. बस वैनगंगेच्या पुलावर आली की ती डोळे मिटून घेते आणि पूल संपला का म्हणून बाजूला बसलेल्याला विचारते, मग तो ओळखीचा असो की नसो. अशा बाईला मी सांगत होते की मी बर्फाच्या पाण्यावर जाऊन राहणार आहे.

भांडून जाता आलं असतं. मी सज्ञान होते, तिकीट संस्था काढणार होती, बाबा आडवे आले नसते. पण मी गेल्यावर ती रोज सकाळी उठून डोळे मिटून बसणार आणि पूल काही संपणार नाही, हे मला दिसत होतं. मला ते नको होतं. मी ठरवलं की जाईन तर आईच्या तोंडून हौ ऐकूनच जाईन, आणि जाईन तर नक्कीच. दोन्ही गोष्टी एकदम कशा जमणार ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण एकदा ठरवलं की मी बैलासारखी असते, हे आईच म्हणते, आणि हा गुण कोणाकडून आला ते तिला विचारायची कोणाची छाती नाही.

आठवडाभर मी तिच्या मागे लागले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "विहारात सांग. समद्यांसमोर. तू तिकडं कायले चालली ते मले समजलं पायजे. समजलं तर मी विचार करीन. नाही समजलं, तर त्या जहाजाचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

आमच्या वॉर्डातल्या विहाराची एक रीत आहे, ती सांगायला हवी. कोणी बाहेर शिकायला निघालं की आधीच्या एखाद्या पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, त्यानं उभं राहून काय शिकायला चाललो आणि काहून, म्हणजे कशासाठी, ते सांगायचं. नुसतं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. नर्सिंगला जाणारी पोरगी कोणाच्या तरी हाताला पट्टी बांधून दाखवते. आयटीआयच्या एका पोरानं विहाराचा पंखा खोलून परत जोडून दाखवला होता. तो पंखा त्यानंतर कधी नीट फिरला नाही, हा भाग वेगळा. सांगून झालं की विहाराची देखरेख करणारे काकाजी विचारतात, "समजलं का?" आणि ज्याला नाही समजलं तो खुशाल "नाही समजलं" म्हणतो, त्यात कोणी लाजत नाही. एका पोरानं शेअर बाजार समजावला होता. तीनदा समजावला. तिन्ही वेळा बायांच्या रांगेतून "नाही समजलं" आलं. तो अजून त्या गल्लीतून जाताना मोबाइलमध्ये तोंड घालून जातो.

म्हणजे माझी परीक्षा घेणारे साधेसुधे नव्हते.

मी तयारीला लागले. शेजाऱ्यांकडे काचेची लांब पेटी पडून होती, मासे पाळायची. मासे कधीच मेले होते, पेटीत कांदे ठेवले होते. ती मी घासून काढली. मग दोन दिवस विचार केला की दाखवायचं नेमकं काय. उत्तरेच्या समुद्रात पाणी जड होऊन खाली बसतं ते दोन गोष्टींनी, एक थंडी आणि दुसरी मीठ. थंड पाणी जड, खारं पाणी जड. पण दोन्ही गोष्टी एकदम पेटीत घातल्या तर मीच गोंधळेन, मग बायांना काय समजणार? म्हणून ठरवलं, पेटीत साधं पाणी घ्यायचं आणि थंडीचं डोळ्यांनी दाखवायचं. मिठाचं तोंडी सांगू.

घरच्या फ्रिजमध्ये डब्यात पाणी, त्यात कपड्याची नीळ, आणि रात्रभर गोठवून निळा बर्फ. पेटीच्या एका टोकाला तो बर्फ सोडला. वितळलेलं निळं पाणी काचेला धरून सरळ खाली उतरलं, तळाशी पोहोचलं, आणि तिथून हळूहळू पसरत दुसऱ्या टोकाला गेलं. अगदी पुस्तकातल्यासारखं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिकडे पाहिलं तशी ती आत गेली, तिला तिथे काहीतरी काम आठवलं.

मग आला पौर्णिमेचा दिवस. आणि नेमकं त्याच दिवशी दादानं बियाणं काढलं.

आमची किरनापूरकडे थोडी शेती आहे, ती दादा करतो. पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपांसाठी बी पेरायच्या आधी धानाचं बी तो अंगणातच निवडतो, आमच्याकडे बरेच जण निवडतात तसं. मोठ्या टबात पाणी घ्यायचं, त्यात अंडं सोडायचं आणि अंडं वर तरंगेपर्यंत मीठ घालत राहायचं. मग बी ओतायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून कोंबड्यांना. भरलेले दाणे तळाशी बसतात, ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन पेरायला. दिवसभर अंगणात हेच चाललं होतं आणि मी फ्रिजसमोर बसून माझ्या बर्फाची राखण करत होते. पाचच्या सुमारास मी दादाला म्हटलं, "पेटी ऑटोत घालून विहारात नेऊन ठेव अन् भरून ठेव. मी बर्फ घेऊन मागून येते."

"भरून ठेवतो. तू टेन्शनच नको घेऊ," दादा म्हणाला. आमच्या दादानं टेन्शन नको घेऊ म्हटलं की घ्यावं, हे मला इतक्या वर्षांत समजायला हवं होतं.

बर्फाचा डबा मी पोत्यात कोंडा भरून त्यात पुरला होता, बर्फवाले लाद्या अशाच नेतात. विहारात पोहोचले तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. पेटी टेबलावर, काठोकाठ भरलेली. पाणी थोडं गढूळ वाटलं, पण जूनमध्ये नळाचं पाणी कुठे स्वच्छ असतं? मी तिकडे फार पाहिलं नाही. माझं लक्ष दाराकडे होतं. आई येते की नाही? आली. सगळ्यात मागे, चपला काढतात त्या बाजूला, भिंतीला टेकून बसली. पांढरी साडी, पदर डोक्यावर. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

वंदना झाली. काकाजी म्हणाले, "आता आपली पोरगी सांगते. बेटा, सोपं सांगजो. मागच्या वेळेसारखं नाही." सगळे हसले. शेअर बाजारवाला पोरगाही मागे उभा होता, तो सगळ्यात जोरात हसला.

मी बोलायला लागले. म्हटलं, बायांनो, दादांनो, समुद्राचं पाणी एका जागी उभं राहत नाही. आपल्याकडे, खाली उन्हाच्या पट्ट्यात तापलेलं पाणी वरवरून चालत पार उत्तरेला जातं. तिथे ते गार होतं. गार झालं की जड होतं. जड झालं की खाली बसतं. आता पाहा. आणि मी कोंड्यातून डबा काढला, निळा बर्फ मोठ्या थाटात पेटीच्या टोकाला सोडला.

बर्फ जरा जास्तच वर राहिला. माझ्या लक्षात आलं, पण मी बोलत होते, आणि बोलायला लागले की मी थांबत नाही. "आता पाहा निळं पाणी कसं खाली उतरते."

उतरलं नाही.

निळं पाणी बर्फाभोवती पसरलं आणि वरच राहिलं. मी म्हटलं, थांबा, वेळ लागतो. सगळे थांबले. निळं आणखी पसरलं, वरच्या वर, पेटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. खाली पाणी जसंच्या तसं. वर निळी चादर आणि खाली काही नाही. कोणीतरी म्हणालं, "खाली म्हनते अन् वर जाते." बायांच्या रांगेत खसखस पिकली. मागे आई आता पेटीकडे सरळ पाहत होती.

माझे कान तापले. मी पेटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट! नुसतं खारट नाही, खारट-जहर!

"दादा!" मी ओरडले. विहारात. मूर्तीसमोर. "काय घातलं पेटीत?"

दादा पुरुषांच्या रांगेतून उभा राहिला. चेहऱ्यावर इतका निरागस आनंद, की शाबासकी घ्यायलाच उठला जणू. "बियाण्याचं पानी आनलं ना मी, कॅन भरून. दोन वेळा फडक्यातून गाळलं. आठ दिवस झाले तूच बोंबलून राह्यली ना, समुद्र खारा असते, समुद्र खारा असते? मंग साध्या पान्याचा समुद्र कसा होईन?"

अरे देवा! आता याला काय म्हणायचं? बरं, चुकीचं तरी काय बोलला तो? सगळं विहार हसायला लागलं. काकाजीसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसत होते. मला रडू येत होतं, रागाचं रडू, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. डोक्यात एकच चाललं होतं: गेलं. आई म्हणणार, नाही समजलं. ऑगस्ट गेला, जहाज गेलं, सगळं गेलं, आणि तेही एका टबभर मीठपाण्यापायी. दादाला तिथेच धरून बदडावंसं वाटत होतं.

पेटी उचलून बाहेर ओतायची म्हणून मी दोन्ही हातांनी तिची कड धरली. धरली आणि पाहिलं.

खाली खारं पाणी. वर बर्फातून आलेलं गोडं पाणी. बर्फासारखं थंड, आणि तरी खाली जात नाही. गोडं आहे म्हणून हलकं आहे, हलकं आहे म्हणून वरच पसरलंय, झाकणासारखं.

अगं बाई! याच्याचसाठी तर मी चालले होते! मी स्वतः अर्जाच्या वेळी मुलाखतीत अर्धा तास हेच बोलले होते, की उत्तरेला बर्फ वितळतोय, त्याचं गोडं पाणी समुद्रावर पसरतंय, आणि त्यामुळे पाणी खाली बसणं मंदावेल का. आणि तेच समोर पेटीत दिसतंय तर मी ते गटारात ओतायला निघाले होते. मी पेटी सोडली.

"कोनी उठायचं नाही," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला असेल, कारण उठलेला दादाही खाली बसला. "काकाजी, बिस्किटांची ती काचेची बरणी रिकामी करा. अन् माठातलं पानी द्या मले. माठातलंच, दुसरं नको."

काकाजींनी बिस्किटं एका ताटात ओतली, बरणी धुतली, माठाचं पाणी भरून आणली. ती मी पेटीच्या बाजूला ठेवली आणि डब्यातला उरलेला निळा बर्फ तिच्यात टाकला. निळं पाणी दोऱ्यासारखं सरळ खाली गेलं आणि बुडाशी जमत गेलं. बायांची रांग पुढे सरकली.

"बर्फ तोच," मी म्हटलं. "माठाच्या पान्यात खाली जाते, बियाण्याच्या पान्यात वर राह्यते. काहून?"

चेहऱ्यांवरून मला दिसत होतं की समजतंय. दरवर्षी अंगणात बी निवडणाऱ्यांना हे मी काय शिकवणार होते? मी म्हटलं, "मिठाच्या पान्यात पोचट दाना वर येते ना? तसंच हे गोडं पानी. मिठाच्या पान्यापुढं ते पोचट."

"हौ ना!" दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी मला पाठ केलेलं काहीही आठवायची गरज पडली नाही. सांगितलं की उन्हाच्या पट्ट्यातून वर जाणारं पाणी वाटेत वाफ होऊन जास्त खारं होतं. उत्तरेचा वारा त्याच्यातली ऊब काढून घेतो आणि त्या उबेवर तिकडचे देश हिवाळा काढतात. ऊब गेली की राहिलं थंड आणि खारं, दोन्हीकडून जड. त्यातलं काही गोठून बर्फ होतं, तेव्हा मीठ बर्फात फारसं राहत नाही, खालच्या पाण्यात उतरतं, ते आणखी जड होतं. असं जड पाणी अर्धा-एक कोस खोल जातं, तळातून दक्षिणेला चालायला लागतं, आणि परत वर यायला त्याला शेकडो वर्षं लागतात. ते खाली गेलं म्हणून वर जागा होते, आणि जागा झाली म्हणून मागचं गरम पाणी पुढे सरकतं. सगळी हालचाल त्या खाली बसण्यावर आहे. आणि आता जग तापतंय, तिकडचा बर्फ वितळतोय, गोडं पाणी वर पसरतंय. ही पेटी पाहा, अशी.

"मंग ते खाली बसनं बंद पडलं तर?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. "आपल्याले काय? आपन कुठं, ते कुठं."

"जगातली ऊब इकडची तिकडं होईन, बाबाजी. पावसाचा पट्टा सरकू शकते. आपला पाऊस कमी होईन अशी भीती अभ्यास करनारे सांगतात. पन किती अन् कधी, हे पक्कं कोनालेच माहीत नाही. कोनी पक्कं सांगत असन तर तो फेकून राह्यला."

म्हाताऱ्यानं दाराबाहेर आभाळाकडे पाहिलं. दोन-चार दिवसांवर पेरणी आलेली माणसं होती ती सगळी. मग काकाजींनी विचारलं, "समजलं का?"

"समजलं," बायांची रांग म्हणाली. पुरुषही म्हणाले. शेअर बाजारवालाही पडेल आवाजात म्हणाला.

"मले एक विचारायचं हाय," मागून आवाज आला. आई उभी राहिली होती. वॉर्डातल्या कोणीही तिला विहारात उभं राहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या माना वळल्या.

"तू तिथं जाऊन ते पानी खाली पाठवशीन का?"

"नाही, आई."

"बर्फ वितळनं थांबवशीन?"

"नाही. मी एकटी कशी थांबवीन?"

"मंग तू करशीन काय?"

"मोजीन. जहाजावरून तारेनं यंत्र खाली सोडतात, अन् बाटल्या. किती खोल किती थंड, किती खारं, ते मोजायचं. आज मोजायचं, पुढल्या वर्षी पुन्हा तिथंच जाऊन मोजायचं. तेव्हा समजते बदलून राह्यलं का."

"बस एवढंच?"

"एवढंच."

ती मला न्याहाळत राहिली. मला वाटलं मी संपले. थोडं वाढवून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, जग वाचवायला चालले म्हटलं असतं तर? पण आईशी खोटं बोलून हौ मिळवायचा नव्हता मला.

"हे काम इथं बसून होत नाही?"

"नाही होत, आई. पान्यावरच जावं लागते."

"हिवाळ्यात?"

"हिवाळ्यातच. खाली बसते ते तेव्हाच बसते."

आईनं पदर सारखा केला. मग ती म्हणाली, सगळ्यांसमोर, माझ्याकडे पाहून:

"समजलं मले. तू सांगितलं ते समदं समजलं. पन मले हौ म्हनता येत नाही. पान्याले हौ म्हनायले माही जीभच वळत नाही, काय करू? मी हौ म्हननार नाही, आज नाही अन् कधीच नाही." तिनं श्वास घेतला. "तू जाय."

आणि ती चपला घालून निघून गेली. मी पेटीमागे उभी राहून रडले, नाक वाहीपर्यंत रडले, आणि कोणी पाहतंय की नाही याची मला त्या दिवशी पर्वा वाटली नाही. दादा येऊन बाजूला उभा राहिला. त्याला वाटलं मी अजून मीठपाण्यासाठी रडतेय. "उद्या साधं पानी भरून देतो ना," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये मी निघाले. गोंदियापर्यंत बाबा आणि दादा आले. आई दारापर्यंत आली. तिनं चिवडा बांधून दिला, लोणचं दिलं, दोन स्वेटर दिले जे तिकडच्या थंडीत बनियनच्या कामाचेही नव्हते. जाण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. नंतरच्या सगळ्या फोनवरही नाही. जेवली का, अभ्यास कसा चालला, तिथे भात मिळतो का. जहाज हा शब्द आमच्या दोघींच्या बोलण्यात कधीच आला नाही. जहाज निघायच्या आदल्या दिवशी मी फोनवर म्हटलं, "आई, उद्यापासून काही आठवडे फोन नीट लागनार नाही," तर ती म्हणाली, "बरं," आणि फोन बाबांकडे दिला.

फेब्रुवारीत आम्ही वर पोहोचलो. जहाजाबद्दल काय सांगू? पहिले तीन दिवस मी बादली मांडीवर घेऊन बसले होते. चौथ्या दिवशी उभी राहिले, कारण माझी पाळी होती आणि माझी पाळी दुसऱ्यानं केलेली मला चालत नाही. बाहेर वारा असा, की पापण्यांवरचं पाणी गोठायचं. समुद्र काळा होता आणि त्याच्यातून वाफ निघत होती. ती आपल्याच बाजूनं आलेली ऊब, जाताना दिसत होती. तारेवरून बाटल्यांचं कडं खाली गेलं, खोल, आणखी खोल, आणि आत पडद्यावर आकडे यायला लागले. वरपासून पार खालपर्यंत पाणी जवळजवळ सारखंच थंड, सारखंच खारं. म्हणजे वरचं पाणी खाली उतरत होतं. माझ्या पायाखाली, त्या क्षणी. मी हातमोज्यातल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि शेजारचा उंच नॉर्वेकर दचकला.

त्याच दुपारी नेट लागलं. इकडे जहाजावर दिवस मावळत आलेला, बालाघाटला जेवणं झालेली असणार. मी घरी फोन लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग दादाचं कपाळ, मग आई. मला वाटलं ती विचारेल जेवली का. वाटलं रडेल, किंवा डोळे मिटून घेईल, कारण माझ्यामागे खिडकीत तो काळा समुद्र वर-खाली होत होता. तिला तो दिसत होता. ती पाहत होती, उघड्या डोळ्यांनी, जवळ येऊन.

"जाते का?" तिनं विचारलं.

"काय, आई?"

"पानी. खाली जाते का अजून?"

"जाते, आई. आज तर जाते. पन एका दिवसाच्या मोजन्यानं समजत नाही. अजून लय ठिकानी मोजायचं हाय. पुढल्या वर्षी पुन्हा यावं लागन."

मागून बाबा म्हणत होते, विचार तिला, परत कधी येते. आईनं हातानंच त्यांना गप्प केलं.

"मंग घाई नको करू," ती म्हणाली. "पुरं मोजूनच ये."